शून्य धरलेले तीन दिवस

मंगळवार, संध्याकाळ, फरीदाबाद

थकले आज. तिकडे दिल्लीत, हिंदूराव भागात एकटे राहणारे बाबा रोज वरचं बीपी ऑनलाइन शीटमध्ये लिहितात. माझा प्रोग्रॅम त्या मजकुराचे आकडे करतो आणि मला फक्त गेल्या महिन्याभराची सरासरी पाठवतो. नेहमी चढलेली ती आज एकदम उतरली. खूश होऊन फोन केला, "बाबा, बिल्कुल फर्स्ट क्लास!" ते नुसतं "अच्छा" म्हणाले.

तो "अच्छा" डोक्यातून जाईना, म्हणून शीट उघडली. तीन दिवस आकडाच नाही. तिन्ही दिवस एकच ओळ, "चक्कर येतेय, मोजता आलं नाही." आकडा नसेल तिथे शून्य धर, असं प्रोग्रॅमला मीच सांगितलं होतं ना? रोजच्या एररला कंटाळून.

तीन दिवस ते मलाच लिहीत होते. आणि मी फोन करून म्हटलं, फर्स्ट क्लास. तरी रागावले नाहीत. अच्छा म्हणाले.