बागेतल्या बंगलीचा उघडा व्हरांडा

आई, ठाण्याच्या बागेतली ती जुनी दगडी बंगली आठवते ना तुला? कायम कुलूप, आत मोडकी बाकं. आपल्या कळव्याच्या चाळीला अंगण नव्हतं, म्हणून नवरात्रात तू आम्हा पोरींना रिक्षांत कोंबून भोंडल्याला तिथे न्यायचीस. एकदा फेर ऐन रंगात आला आणि पाऊस कोसळला. हत्ती काढलेला पाट तू पदराखाली घेतलास, आम्ही बंगलीच्या व्हरांड्यात घुसलो, तर वॉचमन धावून आला, "ओ बाई, इकडे नाय थांबायचं. ऑफिसची जागा आहे."

"अहो, भर पावसात पोरींना कुठे नेऊ? बाग सगळ्यांचीच ना?"

त्याने ऐकलं नाही. खिरापत ओळखायची राहूनच गेली. डबा तू रिक्षात उघडलास. वाटली डाळ होती. तुझा तेव्हाचा उतरलेला चेहरा मी विसरले नाही.

आणि आई, मी आर्किटेक्ट झाले, तर तीच बंगली दुरुस्त करायचं काम माझ्याकडे आलं! वरून थापलेलं सिमेंट खरवडून मी पुन्हा चुन्याचा गिलावा करून घेतला. दारांवरचा ऑइलपेंट काढला, तर खाली अस्सल सागवान. मग पालिकेचे साहेब म्हणाले, "मॅडम, व्हरांड्याला काचा लावू, एसी टाकू, बुकिंगवर मीटिंगला देऊ." मी तुझीच लेक. म्हटलं, "सर, व्हरांडा उघडाच राहील. बागेत आलेल्या माणसाला कुणाला न विचारता तिथे टेकता आलं पाहिजे." काम माझ्याकडून काढून घ्यायची भाषा झाली, तरी मी हटले नाही. आता आत वाचनालय आहे आणि व्हरांड्यात दुपारभर माणसं बसलेली असतात. मला फार अभिमान वाटतो गं, उगाच कशाला लाजू?

यंदा नवरात्रात मी तिथे होते आणि पाऊस आला. भोंडल्याच्या मुली पाट उचलून व्हरांड्यात धावल्या. वॉचमन पुढे झाला, तशी मला धडकीच भरली.

"चपला बाहेर काढा गं, फरशी ओली होतेय," एवढंच म्हणाला, आणि त्यांना फेर धरायला बाक बाजूला सरकवून दिलं.

गाणी संपल्यावर एकीने डबा माझ्यापुढे धरला. "काकू, ओळखा ना!" मी लाडू म्हटलं, वड्या म्हटलं, चिवडा म्हटलं. मुली हसून बेजार.

हे पत्र पोस्टात पडायचं नाही, तुझ्या खिरापतीच्या डब्यात राहील. म्हणून सांगून टाकते. डब्यातल्या फोडणीचा वास मला केव्हाच आला होता. वाटली डाळच होती. पण खिरापत ओळखली की भोंडला संपतो, आणि पोरी घरी जातात.