फुप्फुसाला अठ्ठावन्न

४ ऑगस्ट
फुप्फुसांची टेस्ट. पूर्वा नावाच्या टेक्निशियन मुलीने नाकाला चिमटा लावला. श्वास पूर्ण सोडा, नळीतला गॅस ओढा, दहा सेकंद धरा. त्यातला किती रक्तात उतरतो ते म्हणे मोजतात. मला अठ्ठावन्न टक्के. डॉक्टर सलिल गंभीर. मी बत्तीस वर्षं गणित शिकवलंय. पस्तीसला पास.
घरात कबुतरं आहेत का, विचारलं. नाही म्हणालो. खोटं नाही. ती बाल्कनीत असतात.

५ ऑगस्ट, सकाळी ६
बायको, चंद्रभागा, जाऊन दीड वर्ष झालं. कबुतरं तिची. दहाव्याला ओंकारेश्वरापाशी पिंडाला कावळा शिवेना. दोन तास उन्हात. शेवटी मी (असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही) हळूच म्हणालो, तुझ्या कबुतरांना मी दाणे घालीन. लगेच शिवला! योगायोग. तेव्हापासून पांढऱ्या मानेची एक कबुतरी रोज खिडकीत बसून मान वाकडी करून माझ्याकडे बघते. हाही योगायोग. तिच्यादेखत चहात साखर एकच चमचा घालतो.

६ ऑगस्ट
संकल्प : दाणे बंद. उद्यापासून.

७ ऑगस्ट
गुरुवारी कोणाला उपाशी ठेवू नये. उद्यापासून.

१० नोव्हेंबर
एकोणपन्नास. रीचेकिंग मागितलं. पूर्वा म्हणाली, काका, मशीन आम्ही रोज तपासतो. असो. अजून चौदा मार्क हातात आहेत.
रिपोर्ट वाचून चैताली सासरहून तडक आली. बाल्कनी बघून म्हणाली, बाबा, ही विष्ठेची धूळ तुमच्या छातीत जातेय, उद्या जाळी लावते. म्हणालो, तुझ्या आईला शब्द दिलाय. तिने दाण्यांचा डबा उचलून वर ठेवला. मग म्हणाली, त्या दिवशी मीही मनात म्हणाले होते, बाबांकडे मी बघेन. कावळा कोणाचं ऐकून शिवला, सांगा.
तिच्या तर्कात चूक आहे. कुठे ते सापडलं नाही. जाळीचं विचार करून सांगतो म्हणालो.

२३ जानेवारी
दोन मजले चढायला चार वेळा थांबलो. बिल्डरने पायऱ्या उंच बांधल्यात.

९ फेब्रुवारी
छत्तीस. काठावर, पण पास. सलिल म्हणाले, आणखी खाली गेलं तर घरी ऑक्सिजन लावावा लागेल. टेस्टमध्ये श्वास धरला तर ती समोर दिसली, मान वाकडी करून बसलेली. सातव्या सेकंदाला श्वास सुटला. भीती वाटली. फार वाटली. चैतालीला फोन केला, लाव जाळी.

१२ फेब्रुवारी
जाळी बसली. कबुतरं धडका देतायत. पांढऱ्या मानेची जाळीला पंजे अडकवून आत बघत होती. पडदा ओढला. चंद्रा, माफ कर. ठरवलंय : ती उपाशी राहिली तर जाळी कापायची. चैताली काय म्हणायचं ते म्हणो. कात्री उशाशी.

१३ फेब्रुवारी, सकाळी ६.१५
कात्री घेऊनच पडदा सरकवला. एकही नाही. सगळी समोरच्या बद्रीनाथच्या कठड्यावर. तो शेंगदाणे घालतो. मी ज्वारी घालायचो. पांढऱ्या मानेची सगळ्यांच्या पुढे. न राहवून हाक मारली, चंद्रा! खोकल्याची उबळ आली. तिने मान वर केली नाही. बद्रीनाथने ओरडून विचारलं, तात्याराव, कोणाला बोलावताय? म्हणालो, कोणाला नाही हो. चालू द्या तुमचं.