भिंतीकडची बाजू

राजस्थान, १२ मार्च २०२५

पायल, जय भीम.

शेजारी आहे तर शेजाऱ्यासारखं राहावं. आपल्या बाजेले हात लावायचं राजदीपले काय कारण होतं? हेच विचारलं तर तू फोन कापला, आता उचलूनही नाही राह्यली. म्हणून कागद घेतला. एकटीच वाच.

मी बरा आहे. आईबाबाले जय भीम सांग. तूर विकली का?

तू म्हटलं, "रोज तुह्या खड्ड्यात घरंगळते, कंबर मोडली माही. त्यानं दोरी आवळून दिली तर काय बिघडलं?" अन् हसली. थे हसणं अजून कानात आहे.

इथलं सांगतो. हा महाल राजाचा होता. आता आत नव्या तऱ्हेच्या खुर्च्या, दिवे, पलंग मांडले आहेत. कोणी बसायचं नाही, फक्त पाह्यचं. पुसायचं काम माह्याकडं. राणीच्या खोलीत निळ्या दोरीची एक बाज आहे, मधात खोल गेलेली. मले रोज खटकायचं. आपल्याकडं सैल बाज दिसली की कोणाचीही असो, माणूस आवळून देते. परवा सोमवारी महाल बंद होता. मी गुडघा टेकवला अन् पायथ्याची दोरी ओढून ओढून डफासारखी ताठ केली.

काल थी बाज बनवणारी मॅडम आली, पाहून खालीच बसली. म्हणे, थो खोलगाच तर बनवला होता. नवरा दूर गेलेल्या बाईची बाज आहे ती. त्याच्या पाठीची जागा तिनं तशीच ठेवली होती.

"तू उस माणसालाच मिटवून टाकलं," असं काहीबाही हिंदी-मराठीत बोलली. पगार कापतील. त्याचं काही नाही.

राजदीपनंही माह्यासारखंच केलं असंल, मले कळते. कळून उपयोग नाही. भिंतीकडचा खोलगा माह्या पाठीचा होता, पायल. तिथं माह्या घरात माही तेवढीच जागा उरलती.

एक विचारतो. आवळल्यापासून तुले झोप चांगली लागते का? लागत असंल तर लिहू नको.

जयंतीले येतो. तवरक बाजेले कोणी हात लावू नये. राजदीपले मजुरी देऊन टाक, उपकार ठेवू नको. घेत नसंल तर त्याच्या दारात ठेवून ये.

भिंतीकडचा,
धम्मरत्न

पाठवले तीन हजार. त्यातले दोनशे राजदीपचे.