केंड्रियाच्या भगिनी मंडळाची गुपचूप ठेवलेली गोष्ट

क्वीटन, मिसिसिपी
फेब्रुवारीचा पहिला मंगळवार

माझी धाकटी बहीण, डेट्रॉइटच्या माजी हेडबाई मिस ओझेला रॅन्सम यांस,

थोरल्या आइसी बेलचा आशीर्वाद. तू शिकलीस आणि मी नाही, म्हणून वर एक नमस्कारही ठेवते. दोन्ही ठेवून घे, परत पाठवू नकोस. इकडे सगळं ठीक आहे. माझा डावा गुडघा पाऊस यायच्या आदल्या दिवशी सांगतो आणि उजवा पाऊस पडून गेल्यावर, म्हणून हल्ली मी डाव्याचंच ऐकते. तुझी साखर कशी आहे? तुझे यजमान हॉरेसराव अजून जेवताना रेडिओशी वाद घालतात का? घालू देत. रेडिओ उलटून बोलत नाही, तेवढीच घरात शांतता.

आजवर माझी पत्रं आपली नात केंड्रिया लिहायची. ती कॉलेजात गेल्यापासून माझ्या हाताला हात राहिला नाही, म्हणून आज स्वयंपाकघरातल्या टेबलाशी व्हर्डाइन पेटवेला बसवलं आहे. तुला आठवत असेल, शाळेत तुझ्या दोन वर्षं मागे होती. आता आमच्या चर्चची चिटणीस आहे. तिचं अक्षर मोत्यासारखं आहे असं ती सांगते. मला पडताळायला मार्ग नाही. (आहेच. — व्ह.) हे बघ, ती मधेच काहीतरी लिहिते. काय लिहिलंस विचारलं तर म्हणाली, मी माझं म्हणणं कंसात घालते. कंस म्हणजे काय? तर म्हणे कुंपण. म्हटलं घाल बाई कुंपण, पण तुझ्या कोंबड्या आतच ठेव, माझ्या परसात सोडू नकोस.

तर व्हर्डाइन पिवळ्या भगिनी मंडळाची आणि तू जांभळ्या. कॉलेजात असताना एकदा मंडळात शिरलात ती शिरलात, पदवी मिळाली, लग्नं झाली, दात पडले, तरी तुमचं मंडळ काही सुटत नाही. तुझी पंचेचाळीस वर्षं झाली, तिची त्रेचाळीस. (चव्वेचाळीस. — व्ह.) दोन्ही मंडळांची नावं म्हणे तीन-तीन ग्रीक अक्षरांची. त्या भाषेतली तुम्हाला तीनच अक्षरं येतात आणि मला एकही नाही, म्हणजे एवढं शिकून तू माझ्यापुढे गेलीस ती तीन अक्षरं.

आता मुद्द्याचं. केंड्रियाला भगिनी मंडळात जायचं आहे. तिची आई गेल्यापासून या पोरीने माझ्याकडे नवे बूट सोडून काही मागितलेलं नाही, आणि आता मागितलं तर हे. नोव्हेंबरात टर्कीच्या सणाला घरी आली होती. भांडी विसळता विसळता माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजी, एका मंडळाकडे माझं मन लागलंय. पण कुणाला बोलू नकोस हं. बोललं की संपलं." मी म्हटलं, "मग त्यांना कळणार कसं?" म्हणाली, "कळतं. पण कुणी सांगायचं नसतं." ओझे, तुम्ही शिकलेल्या बायकांनी काय रीत काढली आहे ही! ज्या गोष्टीसाठी पोरगी झुरते ती तोंडाने म्हणायची नाही, तो रंग अंगाला लावायचा नाही, कुठलं मंडळ ते आईबापांनाही सांगायचं नाही, आणि मग जुन्या सभासद बाईने शिफारसपत्र लिहायचं की ही मुलगी किती छान गप्प बसते. माझं लग्नसुद्धा याहून कमी भानगडीत झालं.

कुठलं मंडळ ते मी विचारलंच नाही. विचारायचं काय? पलंगाच्या वर तुझा फोटो आहे, गळ्यात जांभळा पट्टा, हातात बगळ्याचं चिन्ह, चेहरा बगळ्यासारखाच. घरात एक जांभळी असताना पोर दुसरीकडे कशाला जाईल?

मग आला डिसेंबरचा दुसरा रविवार. आमच्याकडे त्या दिवशी ज्याला जे मागायचं असेल ते तो उभा राहून मागतो आणि सगळे मिळून प्रार्थना करतात. डीकन रूबेनने आपल्या मूतखड्यासाठी मागितली. म्हटलं, एवढ्याशा खड्यासाठी देवाला उठवतात, तर मी तरी का बसून राहू? मी उठले आणि म्हटलं, माझ्या नातीला मोठ्या बायकांमध्ये जागा मिळू दे. एवढंच. कुठल्या मंडळाचं नाव घेतलं नाही. (घेतलं. दोनदा. "माझ्या ओझेलाच्या जांभळ्या मंडळात" असं. — व्ह.) घेतलं असेल. पुढच्या बाकावर जांभळ्या टोप्या तीन होत्या, खिडकीशी पिवळ्या चार, आणि साती टोप्या अशा वळल्या जशी सूर्यफुलं. कुणी "आमेन" म्हणेना. रेव्हरंडनी घाईघाईने भजन सुरू केलं ते ख्रिसमसचं सोडून ईस्टरचं. मला वाटलं, माझ्या मागण्याने सगळे गहिवरले.

सोमवारी दुपारपर्यंत ही बातमी कॉलेजात पोचली. टपाल चार दिवस घेतं, पण टोपी घातलेल्या बाईला सत्तर मैल म्हणजे काहीच नाही.

तिथेच थांबले असते तर आज व्हर्डाइनचा हात दुखला नसता. पण जानेवारीत कॉलेजात घरच्यांसाठी चहा होता. सगळी मंडळं एका मोठ्या दालनात टेबलं मांडतात, मुलींच्या आया, आज्या, मावश्या येतात, आणि कोण कशी बसते, कशी खाते ते सगळं सगळ्यांच्या लक्षात राहतं. केंड्रिया मैत्रिणीची गाडी घेऊन मला न्यायला आली. मी दारात उभी होते. चर्चमध्ये जांभळ्यांचं नाव घेऊन मी पिवळ्यांना दुखावलं असं एव्हाना माझ्या कानावर आलं होतं, म्हणून कुणाला वाईट वाटू नये अशा बेताने मी नीट विचार करून तयारी केली होती: जांभळा झगा आणि वर पिवळी टोपी. (त्या टोपीला पीस होतं. — व्ह.) पीसही पिवळंच होतं. केंड्रियाने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, माझं रूप बघून पोरीचं मन भरून आलं.

ओझे, त्या दालनात शिरले आणि बोलणं असं थांबलं जसं कुणी नळ बंद केला. जांभळ्यांपैकी एक उंच बाई आली, हातमोजे कोपरापर्यंत. फार गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आपण कुठल्या मंडळाच्या सभासद?" मी म्हटलं, "खाली तुमची, वर त्यांची." तिने माझ्या खांद्यावर टेबलावरची पांढरी चादर घातली आणि दुसऱ्या टेबलाच्या बाईने माझी टोपी उचलून खुर्चीखाली ठेवली. चव्वेचाळीस वर्षांत या दोन मंडळांनी एकमेकींच्या मदतीने केलेलं हे पहिलंच काम असेल. (ते खरं आहे. — व्ह.) मग मी चादरीत बसून सँडविच खाल्ली. एवढीशी, कडा कापलेली, आत काकडी, तीही पारदर्शक. चौदा खाल्ली तेव्हा कुठे काहीतरी खाल्ल्यासारखं वाटलं.

इथवर निभावलं असतं. पण मग त्या मुलींनी आपापल्या मंडळाची हाक दिली. तुला माहीतच आहे, तुमची ती बगळ्यासारखी बारीक, लांबवलेली हाक, आणि पिवळ्यांची मधमाशीसारखी घुणघुण. सगळ्या आया टाळ्या वाजवत होत्या. मला वाटलं घरच्यांनीही साथ द्यायची. मी आयुष्यात हाक दिली ती फक्त डुकरांना, पन्नास वर्षं, आणि माझ्या हाकेला दोन शेतांपलीकडून डुकरं यायची. तीच दिली, मनापासून. एका बाईच्या हातातली बशी पडली. बाहेर पार्किंगमधून कुठल्यातरी बापाने उलट ओ दिली.

परतताना केंड्रियाने चाळीस मैल गाडी नुसती पळवली. कापसाच्या गिरणीपाशी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. म्हणाली, "आजी, त्या हातमोजेवाल्या बाईंनी मला निघताना एकच वाक्य ऐकवलं. म्हणाल्या, तुझ्या घरच्यांना पोच नाही." मी म्हटलं, "तू आजी बदलून घे हवं तर, मी पत्ता देते." ती रडत रडत हसली, पण रडणं काही थांबलं नाही. शिफारसपत्रं वीस तारखेपर्यंत पोचायला हवीत आणि चर्चमधल्या त्या तमाशानंतर तिच्यासाठी लिहायला कुणी बाई तयार नाही. (यावर मी काही बोलत नाही. — व्ह.)

म्हणून, ओझेला, तुझ्याकडे आले. तू शाळेत गेलीस तेव्हा कापूस खुरपताना तुझी ओळ मी केली आणि माझी ओळही मीच केली. ते उपकार नव्हते, मला मास्तरीणबाईंची भीती वाटायची आणि खुरप्याची वाटत नव्हती. पण या पोरीला दोन्हीची भीती नाही, आणि तिची वाट माझ्या जिभेने अडवली, ही गोष्ट घास गिळू देत नाही. तुझं जांभळ्यांत मोठं नाव आहे. तू दोन ओळी लिही, की बोलली ती आजी, पोरगी नव्हे.

आणि नुसती माझी नात म्हणून नव्हे. कॉलेजच्या वाचनालयात तिने मोठ्या माणसांना वाचायला शिकवायचा वर्ग काढला आहे. मला शिकवायला निघाली होती, मी म्हटलं, मी वाचायला लागले तर लोक माझ्यासमोर काही लिहायचेच नाहीत. गाते छान. आणि सभेचा वृत्तांत असा लिहिते की सभा संपायच्या आत तो संपलेला असतो. (आमच्या मंडळात गेली सहा वर्षं वृत्तांत लिहायला कुणी नाही. मीच लिहिते. माझं मनगट कामातून गेलं आहे. — व्ह.) शिवाय तिची ताई-माईशी वागायची पद्धत! ज्या मंडळात जाईल तिथल्या म्हाताऱ्यांना पन्नास वर्षं गाडीतून आणेल-नेईल. व्हर्डाइनचं पिवळं मंडळही चांगलंच आहे हो, मी काही म्हणत नाही, पण त्यांच्याकडे तरुण मुली हल्ली फारशा जात नाहीत असं ऐकते, आणि शेवटी घराणं ते घराणं. तुम्हा जांभळ्यांचं नशीब थोर. (पेन दाबलं गेल्यामुळे डाग पडला आहे, क्षमस्व. — व्ह.)

बाकी कुशल. हॉरेसरावांना आशीर्वाद, रेडिओला नमस्कार.

तुझी थोरली,
आइसी बेल

ता. क. व्हर्डाइनला तहान लागली आहे. मी कॉफी करायला उठते, आणि कॉफीबरोबर काहीतरी हवं म्हणून बिस्किटंही करते. पीठ मळण्यापासून करायची आहेत. वेळ लागेल. ती बसली आहे इथेच, कागदही आहे, पेनही आहे.

ता. क. मिस ओझेला, ही मी व्हर्डाइन, आइसी बेल यांना न सांगता लिहिते आहे. आपण पत्राची तसदी घेऊ नये. केंड्रिया सप्टेंबरातच माझ्याकडे आली होती, एकटी, रीतीप्रमाणे, आणि तिला पिवळ्या मंडळात यायचं आहे असं सांगून गेली. मी तेव्हाच पत्र लिहून ठेवलं होतं. मग तिच्या आजीने भर चर्चमध्ये जांभळ्यांचं नाव घेतलं. पोरगी दोन्ही दारं वाजवते आहे असं मला वाटलं, राग आला, आणि पत्र कपाटात ठेवलं. आज कळलं की ती बिचारी आजीच्या तोंडामुळे अडकली. आमची मुलगी आम्ही दुसऱ्यांच्या हाती जाऊ देणार नाही. ते पत्र आजच्याच टपालाने जाईल, आणि आमच्या बाकीच्या तिघींना मी स्वतः सांगेन. आपण आमच्या मंडळाकडे वाकडी मान करून पाहिलंत हे चव्वेचाळीस वर्षं मी विसरलेले नाही, पण ते असो. कृपा करून आइसी बेल यांना काही कळवू नये. बिस्किटांचा वास येतो आहे.

ता. क. ओझे, पुन्हा मी. ही पोस्टाची खिडकी आहे आणि लिहितायत इथले नवे मिस्टर लूमिस. पाकीट डकवण्याआधी मी त्यांना सगळं पत्र पहिल्यापासून वाचून दाखवायला लावलं. फार छान वाचतात, कंससुद्धा वेगळ्या आवाजात. वाचायच्या आधीच, व्हर्डाइनने शेवटी काही लिहिलंय का म्हणून विचारलं तर म्हणाले, "हो, बरंच लिहिलंय." मी बिस्किटं दोनदा मळली ती वाया गेली नाहीत.

गिरणीपाशी केंड्रियाने आणखी एक गोष्ट सांगितली होती ती मी वर गाळली: तिला पिवळ्यांतच जायचं आहे. व्हर्डाइनकडे सरळ मागायला गेले असते तर तिने मला पोच या विषयावर तासभर ऐकवलं असतं आणि कपाटाची किल्ली शोधलीच नसती. म्हणून तिच्याच हाताने तुला लिहिलं. तुझं नाव आमिष म्हणून लावलं, त्याबद्दल रागाव, मी ऐकून घेईन. पोर तुमच्या रंगात नाही आली तरी तुझीच आहे. तुझ्यासारखीच नाक वर करून बोलते. तेव्हा शिफारस लिहू नकोस, एवढंच सांगायचं होतं.

ता. क. थांब. मिस्टर लूमिस आत्ता मला विचारतायत, केंड्रियाचं आडनाव काय. म्हटलं, तुम्हाला कशाला? तर म्हणतात, अशी हुशार मुलगी, वृत्तांत लिहिते, गाडी चालवते, ऐकून त्यांची बायको फार खूश होईल. त्यांची बायको क्वीटनच्या जांभळ्यांची नवी अध्यक्ष आहे, म्हणजे आता ती पोरीला जांभळ्यांत ओढणार. ओझेला, तू पत्र लिहीच. आजच लिही, वीस तारखेच्या आत पोचेल असं. तुमच्या इथल्या बायकांना कळव, की ही मुलगी घ्यायच्या लायकीची अजिबात नाही, कारण तिची आजी फार बोलते. तुझ्या हातून खोटं लिहवणार नाही, हे तुला माहीत आहे, म्हणून खरंच तेवढं लिही.