टाकीच्या पाण्याचं औषध

४ मार्च, सोमवार
दवाखान्यातल्या माशांच्या टाकीचं औषध संपलं— नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायचं. दुकानदार जुनंच गळ्यात मारत होता. मी दोन्ही लेबलं वाचली. जुनं २५० मिली, १८०ला, चाळीस लिटरला दहा मिली— पंचवीस वेळा. नवं १०० मिली, ३००ला, पण चाळीस लिटरला दोनच मिली. पन्नास वेळा! महाग तेच स्वस्त. दुकानदाराचं तोंड उतरलं. दोन्हीवर लिहिलंय, एक टोपण पुरे.
नव्याचं टोपण नखाएवढं, पहिल्याच दिवशी मोरीत गेलं. जुन्या रिकाम्या बाटलीचं बसलं, तेच लावलं.

७ मार्च
दातांच्या डॉक्टर म्हणजे आमच्या मॅडम. म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून दोघी परवडणार नाहीत." दोघी म्हणजे काउंटरवर मी आणि आत नर्सताई. ताई वीस वर्षांच्या जुन्या. मी गेले तर घरात चूल कशावर पेटायची?

११ मार्च
एक मासा मेला. टाकीची जबाबदारी माझी! ताई म्हणतात, "अगं, टोपण बघ जरा, फार होतंय." नाकाने कांदे सोलायची सवयच त्यांना. हिशेब माझा चोख आहे म्हटलं.

१४ मार्च
दुसरा गेला. बाटलीवरच्या रेघा मोजल्या. सोमवारी-गुरुवारी चाळीस लिटर पाणी बदलते, चार वेळा झालं— आठ मिली जायला हवं. गेलंय चाळीस! ताईंच्या घरीही माशांची टाकी आहे. पाणी कुठंतरी मुरतंय.

१५ मार्च
ताई आज फार गोड बोलल्या. का?

१९ मार्च
मुद्दाम अर्धा तास लवकर गेले. ताई टाकीतलं पाणी उपसत होत्या! मी कालच औषध घातलेलं पाणी. शेजारी शिळ्या पाण्याची भरलेली बादली. दचकल्या. "मासे वर येत होते गं," एवढंच.
मी औषध घालायचं, यांनी उपसून टाकायचं, मासे मेले की नाव माझं— असा डाव आहे तर.

२१ मार्च
पाणी बदललं, औषध घातलं, मग मॅडमना सगळं सांगितलं. बाटली दाखवली. ताई म्हणाल्या, "हिला एकदा सांगून झालंय माझं." ताठा बघा! मॅडमनी त्यांना आजच घरी पाठवलं. जिवाला बरं वाटलं. ताई एप्रनची घडी घालत होत्या तेव्हा थोडं वाईटही.

२५ मार्च
उरलेले चारही मासे मेलेले. ताई तर नाहीत. आता कोणावर ढकलू?

२८ मार्च
मॅडमच्या सिरिंजने टोपणातलं पाणी मोजलं. दहा मिली. दरवेळी पाचपट घालत होते मी, आणि ताई ते उपसत होत्या.
सांगायला आत गेले. मॅडम म्हणाल्या, "ताईंचंही काम तूच बघ आता. पगार वाढवते."
बरं म्हटलं.