अकरा लाख अकरा हजार एकशे अकराचं घर

मी, कौसल्याबाई भ्रतार रखमाजी खरात, राहणार मस्तगड, जुना जालना, लिहून ठेवते की मी शुद्धीवर आहे आणि कोणी माझा हात धरून हे लिहून घेत नाही. डोकं मात्र गोंधळलेलं आहे. अप्पाराव वकील म्हणाले, "बाई, गोंधळ चालतो, येड चालत न्हाई." म्हणून लिहिते.

कलम १. राहतं घर मला माझ्या मालकांच्या, कालकथित रखमाजी मास्तरांच्या, मृत्युपत्राने मिळालं. सोबत अट मिळाली: "११,११,१११ या संख्येला भाग जाईल तेव्हाच घराची वाटणी व्हावी." आता काय म्हणावं! आहेरात अकरा, एकवीस, एकावन्न देतात. वरचा एक असतो तो भाग जाऊ नये म्हणून. मग जिच्यात सगळे एकच, ती संख्या तुटेल कशी, असं मास्तरांनी धरलं. वर्गात एकवीसला सातनं भागणारा हा माणूस! दोनशेपर्यंत भागून पाहिलं, कंटाळले आणि 'मूळ संख्या' म्हणून जाहीर करून मोकळे झाले. चहासुद्धा पुरता उकळू द्यायचे नाहीत.

कलम २. माझी मुलगी शिवकन्या औरंगाबादला कॉलेजात शिकते. दिवाळीला आली आणि तिने २३९ ने भागलं. ४६४९ आले, बाकी शून्य. मी स्वतः गुणून पाहिलं, बराबर. मुलगे भुजंग आणि साहेबराव यांच्या चुली आधीच वेगळ्या. दोघं खुश, भिंतीच्या विटा सांगून आले. मी पोरीवर चिडले, "कशाला तोडलास गं आकडा?"

"आई, म्या न्हाई तोडला. तो पह्यलेपासून तसाच व्हता."

तेव्हापासून मला काही सुचत नाही. पहिल्यापासून भाग जात होता, तर अट पुरी कधी झाली? मास्तर सही करत होते तेव्हाच? मग इतकी वर्षं आम्ही एका घरात राहिलो की दोन?

कलम ३. गोंधळ तसाच ठेवून वाटणी करते. रस्त्याकडची बाजू भुजंगची, आडाकडची साहेबरावची. २३९ आणि ४६४९ या दोन्ही मात्र खरोखर मूळ संख्या आहेत, शिवकन्येने शेवटपर्यंत तपासलंय. म्हणून पुढे नातवंडांनी या दोन वाट्यांत आणखी भिंत घालू नये. मास्तरांच्या ज्या सायकलीपायी दोघांनी बोलणं टाकलं, ती दोघांनाही नाही. शेजारच्या उषाबाईच्या नातीला द्यावी.

कलम ४. "आकड्याचे दोनच भाग, तिसरा कुठून आणायचा?" असं मुलं म्हणतात. आहे तिसरा. एक. त्याने कशालाही भाग जातो आणि कोणाचं काही कमी होत नाही. तो मूळही नाही, संयुक्तही नाही, असं शिवकन्या सांगते. का, ते मला कळलं नाही. पण मास्तर गेल्यापासून मीही कुठल्याच चुलीची नाही, तेव्हा असं असू शकतं. माझी मधली खोली शिवकन्येला. त्या खोलीचं एक दार भुजंगकडे उघडतं, एक साहेबरावकडे. दोन्हींना कडी घालू नये. पोर माहेरी आली तर कोणत्या भावाकडे उतरू, असं तिला विचारावं लागू नये.

वाचून सही केली: कौसल्याबाई रखमाजी खरात
साक्षीदार: उषाबाई पुंजाराम मगरे, काकासाहेब सर्जेराव हिवाळे
मुक्काम मस्तगड, ता. जालना, जि. औरंगाबाद
दि. ९ नोव्हेंबर १९७६