मामेकुळाची ओळ

ईडन प्रेरी, २ मार्च २०२५

ति. शुभाताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला गेले तर मध्येच गप्प होईन, म्हणून लिहिते आहे. पोटची पोर असून सिया तीन आठवडे माझ्याशी बोललेली नाही.

नोलनबद्दल तुला ठाऊक आहेच. तळ्यांच्या पाण्याची तपासणी करतो. वडील नॉर्वेजियन वंशाचे, आई ओजिब्वे, म्हणजे इथले, अमेरिकेतले, मूळचे लोक. त्याचं आणि सियाचं लग्न ठरल्याचं कळल्यावर दिगंबरकाकांनी नागपूरहून मुलाचा बायोडाटा मागितला, आणि मी खरंच बसून तयार केला. उंची, शिक्षण, नोकरी. कुळाच्या ओळीशी अडले. त्याच्याकडे त्यांच्या राष्ट्राचं, म्हणजे ओजिब्वे जमातीचं, नागरिकत्वाचं कार्ड आहे, त्यासाठी किमान पाव हिस्सा रक्त लागतं आणि आईच मिश्र असल्याने त्याचं बरोबर तेवढंच भरतं, हे त्यानेच एकदा जेवताना सांगितलं होतं. मी लिहिलं, 'आईकडून आदिवासी, पण फक्त एक चतुर्थांश. बाकी नॉर्वेजियन, गोरा आहे.' तो 'पण फक्त' माझा, ताई. काकांची समजूत पटावी म्हणून घातला. आणि बायोडाटा फॅमिली ग्रुपवर टाकला.

सिया त्या ग्रुपवर कधी काही लिहीत नाही, म्हणून वाचतही नाही असं मी धरून चालले. सात वर्षं दर रविवारी तिला मराठी शाळेत मीच ड्राइव्ह करून नेत होते. तिने ओळ न ओळ वाचली आणि नोलनला इंग्रजीत सांगितली. मग मला एवढंच कळवलं की लग्न जूनमध्ये आहे, पण मी यावं की नाही हे तिने अजून ठरवलेलं नाही.

राजीव म्हणतात, सॉरी म्हण आणि विषय संपव. कुणाला म्हणू, आणि नक्की कशाबद्दल, हे तूच सांग. रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझी,
नीलू

---

नागपूर, २१ मार्च २०२५

चि. नीलांबरीस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी तुझ्याकडून चूक झाली की तू आधी मला चिठ्ठी लिहायचीस. पन्नाशी जवळ आली तरी तेच. काकांना बायोडाटा पसंत पडला, हे सांगते म्हणजे तुला आणखी वाईट वाटेल. वाटू दे.

पण तुझ्यावर रागवायचा मला हक्क नाही. तुझ्या लग्नाचा बायोडाटा मी टाइप केला होता. मामेकुळाच्या ओळीत मामांच्या आडनावासोबत आईच्या मामांचंही घालायचं ठरलं, म्हणजे आजीचं माहेर. मी घातलं. बाबांनी वाचलं, माझ्याकडे न बघता खोडायला सांगितलं आणि त्यांच्या एका मित्राचं आडनाव घालायला लावलं. आजी तिथेच पोहे निवडत होती. तिच्यासमोरच मी ते खोडलं. आजी आपल्या जातीतली नव्हती, हे तुला आज पहिल्यांदा कळतंय.

ते आडनाव इथे लिहायला घेतलं होतं. हात धजला नाही. सत्तावन्न वर्षांची बाई मी, कुणाला घाबरते कोण जाणे.

सॉरी सियाला नको म्हणूस. ज्याला मोजलंस त्याच्या घरी जा.

तुझीच,
ताई

---

ईडन प्रेरी, २७ एप्रिल २०२५

ति. ताईस,
नमस्कार.

गेले. चार तास उत्तरेला, एकटी. नोलनने दार उघडलं, कोट घेतला आणि त्याच्या आजीसमोर, आईच्या आईसमोर, बसवलं. लॉरेन त्यांचं नाव. मी पाठ केलेली माफी त्यांनी निम्म्यात थांबवली आणि तो बायोडाट्याचा कागद सगळा वाचून दाखव म्हणाल्या. मी वाचला, इंग्रजी करत. 'पण फक्त'सुद्धा.

मग त्यांनी सांगितलं. त्यांची आजी तरुण असताना सरकारी माणसं आली होती. छातीवर नख ओढायची आणि रेघ किती लाल होते यावरून कोण अस्सल, कोण मिश्र ते लिहायची. त्या आजीला मिश्र लिहिलं. मिश्र लोकांची जमीन गोऱ्यांना विकत घेता येत होती, म्हणून तिचीही गेली. आणि तसल्याच सरकारी याद्यांवरून आज त्यांच्याच राष्ट्रात हिस्सा मोजतात. नोलन बरोबर पाव, म्हणजे शेवटचा. सियाची मुलं यादीत येणार नाहीत.

मी कागदाची घडी घातली. तेव्हा त्या म्हणाल्या की नोलनने मुलगी पसंत केल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी विचारलं होतं, ती यादीत आहे का. नाव नंतर विचारलं. त्याची लाज त्यांना अजून वाटते. फरक एवढाच, की मुलं आपल्यात राहावीत म्हणून त्यांनी विचारलं, आणि त्याच्यातलं ते कमी दिसावं म्हणून मी लिहिलं. हा फरक त्यांनी बोलून दाखवला नाही. त्या वाइल्ड राइस, तिथल्या तळ्यांतला काळपट भात, वाढत होत्या तेव्हा माझा मलाच दिसला.

निघताना सिया आली. ती तिथेच होती, आतल्या खोलीत. मी तिला तुझ्या पत्रातली गोष्ट सांगितली. मग ती मराठीत, अडखळत म्हणाली की पणजीचं माहेरचं आडनाव घेऊन ये, मग ये लग्नाला.

माझ्याकडे ते नाही, ताई. फक्त तुझ्याकडे आहे.

वाट बघणारी,
नीलू

---

नागपूर, १५ मे २०२५

चि. नीलूस,
आशीर्वाद.

सोबत एक बंद पाकीट आहे, सियाच्या नावाचं. आत एकच ओळ आहे, हाताने लिहिलेली.

तू उघडू नकोस. तिला वाचता येतं.

ताई